थोरल्या काकांची तिथी

आमचे खंडाळ्याचे घर जुने आहे. आषाढ लागला की समोरची नागफणी जी ढगांत शिरते ती श्रावण संपेपावेतो क्वचितच दर्शन देते. वाळत घातलेले धोतर तीन दिवस ओले राहते, आणि घरातील वडीलधारी मंडळी ट्रंका उघडून जुनी कागदपत्रे शेगडीच्या उबेला धरतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी माझ्या आत्याबाईंनी मला हाक मारली. त्यांनी तेव्हा नव्वदी ओलांडली होती. मांडीवर एक पिवळी पडलेली तार होती.

"अरे, तू एवढे वाचतोस, लिहितोस. माझे एक काम कर. दादा नेमका कोणत्या दिवशी गेला तेवढे शोधून दे. मला तिथी हवी आहे."

दादा म्हणजे माझे थोरले काका. मुंबईस डॉक्टरीची परीक्षा देऊन 1941 साली ते युद्धकाळापुरत्या नेमणुकीवर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट झाले आणि ब्रह्मदेशास गेले. 1942 च्या मार्चअखेर, पाडवा होऊन गेल्यावर, ती तार आली. तीत मेल्याचे लिहिले नव्हते, बेपत्ता असे लिहिले होते. ह्या एका शब्दाने आमच्या घराची किती वर्षे खाल्ली ते सांगून समजणार नाही. आजोबा म्हणत, "बेपत्ता म्हणजे गेला नव्हे." त्यांनी हयातभर श्राद्ध होऊ दिले नाही. त्यांच्यामागे माझ्या वडिलांनी सर्वपित्री अमावास्येस पान मांडण्यास आरंभ केला. कारण ज्याची तिथी ठाऊक नाही त्याला तोच एक दिवस. आत्याबाईंना ते कधी रुचले नाही. "सगळ्यांच्या पंगतीत कुठे तरी एक पान! दादाला स्वतःचा दिवस नको का?" असे त्या म्हणत.

मी कामास लागलो. प्रथम एका कचेरीस पत्र धाडले. सहा महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले, की ह्या नावाचा अधिकारी आढळत नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीत दोन्ही महायुद्धांतील सुमारे 17 लक्ष मृतांची नावे आहेत आणि आता ती घरबसल्या संगणकावर पाहता येते. तीत आमचे आडनाव घालून पाहिले. तेथेही काही नाही. आत्याबाई रोज विचारीत नसत, हेच अधिक अवघड वाटे.

याच शोधात मला मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिंकर ह्या तरुणाची हकिगत सापडली. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या हवाई दलातून लढलेले चार हिंदी वैमानिक प्रसिद्ध आहेत: इंद्रलाल रॉय, हरदितसिंग मलिक, एरॉल चंदर सेन आणि हा वेलिंकर. रॉय यांचे नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. आपल्या मुंबईच्या मुलाचे मात्र मराठी घरांतूनही फारसे कोणास ठाऊक नाही, ही गोष्ट मला बरी वाटली नाही. केंब्रिजला शिकलेला हा मुलगा 23 व्या स्क्वाड्रनमधून डॉल्फिन नावाचे एकआसनी विमान चालवीत असे. 27 जून 1918 रोजी तो उडाला आणि परत आला नाही. तीन दिवसांनी, 30 जूनला, जर्मनांच्या ताब्यात असताना जखमांनी त्याचा अंत झाला. शत्रूने त्यास रीतसर पुरले आणि क्रूसावर नाव लिहिले: ओबरलॉयटनंट एस. सी. वुमकर.

वुमकर! जगात अशा नावाचा मनुष्य नव्हता. धावत्या इंग्रजी लिपीत मधली अक्षरे एकमेकांत मिसळली की वेलिंकरचा वुमकर होण्यास वेळ लागत नाही. पण तेवढ्याने मुंबईचे एक घर अंधारात राहिले. युद्ध संपल्यावर बार्टन नावाच्या एका इंग्रज कर्नलने पिच्छा पुरविला, तेव्हा तो वुमकर म्हणजेच आपला वेलिंकर हे उमगले. आज त्याची समाधी फ्रान्समध्ये आमियाँजवळ हांगार येथे, त्याच्या खऱ्या नावाने आहे.

हे वाचून मी स्वतःवरच चिडलो. मी आमचे आडनाव आम्ही लिहितो तसे शोधीत होतो. कारकुनाने लिहिले असेल तसे नव्हे! शिवाय स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव, ही आपली रीत साहेबाला कोठून कळावी? मी एका कागदावर आडनावाची अकरा रूपे मांडली, नावांची उलटापालट केली आणि एकेक घालून पाहू लागलो. सातव्या रूपाला काका सापडले. आडनावातील एक अक्षर बदललेले, आजोबांचे नाव पुढे आणि काकांचे मागे. चूक नव्हती ती एकाच शब्दात. पित्याच्या नावापुढे 'खंडाळा' असे स्वच्छ लिहिले होते.

रंगूनजवळ टाउक्यान येथे एक स्मारक आहे. ज्यांची समाधी वा रक्षा कोठेही नाही अशा सुमारे 27 हजारांची नावे तेथील खांबांवर कोरली आहेत. त्यांत ते आहेत. तारीख 23 फेब्रुवारी 1942. त्या दिवशी पहाटे सितांग नदीवरील पूल, जपानी हाती पडू नये म्हणून, आपल्याच सैन्याने उडविला. 17 व्या हिंदी डिव्हिजनच्या दोन ब्रिगेडी तेव्हा पलीकडच्या काठावर होत्या. कित्येक पोहून आले, कित्येक बुडाले. काका जखमींना सोडून पोहण्यास निघाले असतील असे मला वाटत नाही, पण हा माझा समज झाला. नोंदवहीत तारखेपलीकडे काही नाही.

जुने पंचांग काढून तिथी पाहिली. शके 1863, फाल्गुन शुद्ध अष्टमी. संध्याकाळी देवापाशी दिवा लावून आत्याबाई बसल्या होत्या, तेथे जाऊन सांगितले. त्या बराच वेळ बोटांवर काही मोजीत राहिल्या.

"म्हणजे होळीच्या आधी सात दिवस," त्या म्हणाल्या. "तार तर पाडव्यानंतर आली. त्या होळीला आईने दादाच्या नावाची पोळी काढून ठेवली होती, तो रजेवर येईल म्हणून. मी आठ वर्षांची. रात्री उठून ती मी खाल्ली. कुणाला सांगितले नाही."

त्या फाल्गुनात अष्टमीस प्रथमच काकांचे श्राद्ध झाले. आत्याबाईंनी पुरण स्वतः वाटले.