अबोल मंत्र

विद्या अंगीं असणें ही एक गोष्ट आणि ती चारचौघांत दिसूं देणें ही दुसरी. पहिलीला कष्ट लागतात, दुसरीला विवेक. हा विचार मला एका खेळाच्या नियमांवरून सुचला, हें ऐकून कित्येक वाचकांना हसूं येईल.

आमच्या घरचीं मुलें सुटीच्या दिवशीं माजघरांत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ मांडतात. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकन गृहस्थांचा हा खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. एकजण सूत्रधार होऊन कथा सांगतो, बाकीचे तींतलीं पात्रें होतात, आणि वीस बाजूंचा फांसा यशापयश ठरवितो.

या खेळांतला मंत्र सहसा लपत नाहीं. उच्चार, हस्तमुद्रा किंवा एखादा पदार्थ, यांपैकीं कांहींतरी बहुधा लागतेंच. प्रतिपक्षाच्या मांत्रिकानें साठ फुटांच्या आंत तें पाहिलें, तर प्रतिमंत्रानें तो मंत्र जागच्या जागीं मोडूं शकतो. मात्र ज्याची जादू पोथींतली नसून उपजत आहे, अशा जादूगाराला एक युक्ति साधतां येते. एक गुण खर्चून तो उच्चार व मुद्रा दोन्ही वगळतो. मग पदार्थही लागत नसेल तर पाहणाऱ्यास कांहींच दिसत नाहीं. आणि जें दिसत नाहीं तें मोडतां येत नाहीं. पण गुण मोजकेच. तिसऱ्या पातळीवर अवघे तीन!

हे नियम ऐकतांना मला आमच्या कैलासवासी काकूंची आठवण झाली. त्यांचें तोंडी गणित विलक्षण. पण ओसरीवर हिशेबाला बसत ते पुरुष. एकदां सावकाराच्या माणसानें व्याज भरमसाट मांडलें होतें. चहा ठेवतां ठेवतां काकूंनीं सहज विचारलें, “व्याज सरळ ठरलें होतें कीं चक्रवाढ?” काकांनीं कागद पुन्हां हातीं घेतला आणि चूक ‘त्यांना’ सांपडली! काकू “हिशेब चुकला” असें म्हणाल्या असत्या, तर “तुला काय कळतें त्यांतलें?” हा प्रतिमंत्र तयारच होता.

माझी पुतणीही खेळांत अशीच गुप्त जादूगार झाली. सूत्रधाराला ठाऊक होतें. सोबती मात्र तिला साधी पहारेकरीण समजत. एका लढाईंत धाकट्या भावाचा योद्धा घेरला गेला. तिच्यापाशीं मंत्र होता, पण तो झांकण्यापुरता गुण उरला नव्हता. उघड म्हणावा तर गुपित फुटणार. ती गप्प राहिली, योद्धा पडला. पुढें गुपित कळलें तेव्हां भाऊ एवढेंच म्हणाला, “ताई, तुला येत होतं?” त्या रात्रीं तो तिच्या शेजारीं जेवायला बसला नाहीं.

काकूंनीं विद्या झांकली ती घर वांचावें म्हणून. पुतणीनें झांकली ती झांकण वांचावें म्हणून. परक्यापुढें मौन हें शहाणपण असेल. आपलें माणूस पडत असतांना तें शहाणपण राहत नाहीं.

काकूंविषयीं मात्र एक गोष्ट मनाला लागून राहते. त्यांच्या प्रत्येक अबोल मंत्राला किंमत पडली असेल. ती घरांत कोणीं मोजली नाहीं. जेथें मंत्र मोठ्यानें म्हणतां येतो, तेथें तो गुण शिल्लक राहतो. आपल्या घरांत कोणाचे गुण असे रोज खर्ची पडत आहेत, हें पाहणें कर्त्या माणसांचें काम आहे.