हिवस

आमच्या घरात अंडं आलं ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून. १९८३ साली बाबांची बँकेतली बदली सांगलीहून मडगावला झाली आणि तिथल्या पहिल्याच पावसाळ्यात धाकट्या भावाला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण पोराची पार काडी झाली. डॉक्टरांनी टॉनिकच्या खाली एक ओळ लिहिली : रोज एक अंडं. आईने चिठ्ठी दोनदा वाचून विचारलं, "दुसरं काही नाही का हो देता येणार?" डॉक्टर म्हणाले, "वहिनी, गोव्यात येऊन मासे नको म्हणता. निदान अंडं तरी खाऊ द्या त्याला."

अंडं नको म्हणताना आईने सोवळ्याओवळ्याचं नाव कधी काढलं नाही. ती एवढंच म्हणायची, "हिवस वास येतो त्याला." पेला कितीही घासा, पाणी प्यायला तोंडाशी नेला की जो येतो, तो वास. हात तीनदा धुवूनही बोटांत उरतो, तो.

तोडगा निघाला तो असा. मागच्या व्हरांड्यात एक वातीचा स्टोव्ह, एक जर्मनचं पातेलं, एक झारा, एक कान उडालेला कप. या चौघांनी उंबरा ओलांडायचा नाही. बाबा कागदात गुंडाळून अंडी आणायचे, ती व्हरांड्यातल्या फळीवर तांदळाच्या कोंड्यात राहायची. आई पदर खोचून, नाक बाजूला करून अंडं उकडायला ठेवायची आणि ते कच्चं राहू नये म्हणून चांगलं अर्धा तास खळाखळा उकळू द्यायची. सोललं की बलकाभोवती हिरवट-काळं कडं. भाऊ नाक दाबून गिळायचा. आईला तिचं म्हणणं सिद्ध झाल्याचं समाधान मिळायचं.

आमची घरमालकीण शेजारच्याच अर्ध्या घरात राहायची. सगळे तिला आंटी म्हणायचे. मधल्या बुटक्या भिंतीवरून आठवडाभर हा सोहळा पाहिल्यावर एक दिवस तिला राहवलं नाही. ती सरळ व्हरांड्यात आली आणि तिने पातेल्यात डोकावून पाहिलं. "बाय, तूं हें अंडं उकडता काय कपडे?" मग स्टोव्हची वात खाली केली. "सवकास. सवकास."

त्या दिवशी आईला तीन गोष्टी कळल्या. अंडं आधी पाण्यात सोडून बघायचं : तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर परसात. कारण अंडं जुनं होतं तशी त्याच्या बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढत जाते. दुसरं, पाण्याला उकळी फुटली की आच कमी करायची आणि दहा मिनिटांत उतरवून गार पाण्यात टाकायचं. आणि तिसरं, ते हिरवं कडं अंड्याच्या जातीचा दोष नव्हे. आच जास्त झाली की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ते कडं धरतं, आणि तो वासही त्या गंधकाचाच. हे रसायन मी पुढे कॉलेजात शिकले. आंटीने एवढंच सांगितलं होतं की घाई केलीस की घाण मारतं. दुसऱ्या दिवशी बलक पिवळाधमक निघाला. आईने ते अंडं नाकाजवळ नेलं, खाली ठेवलं, काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून स्टोव्हची वात कायम खालीच राहिली.

मग रस्सा. नुसतं उकडलेलं अंडं रोज किती खाणार? आईने तिला येत होतं तेच केलं. सुकं खोबरं आणि कांदा भाजून वाटला, गोडा मसाला घातला, आणि सवयीने चिंच-गूळही. वाटण-फोडणी आतल्या स्वयंपाकघरात, तिथून रस्सा व्हरांड्यातल्या पातेल्यात ओतायचा, आणि अंड्याचं पुढचं सगळं बाहेर. बाबा पहिल्या घासाला म्हणाले, "ही आमटी आहे. हिच्यात अंडं पोहायला आलंय." पुढे तिने उकडलेली अंडी सोडून फोडून टाकायला सुरुवात केली. एकेक अंडं कान उडालेल्या कपात फोडायचं, खराब नाही ना बघायचं, रश्श्याची उकळी बसली की कडेने अलगद सोडायचं, वर झाकण, आणि पाच-सात मिनिटं डाव लावायचा नाही. डाव लावला की झाला चोथा. चव तिने कधीच पाहिली नाही. मीठ ती हाताच्या अंदाजाने घालायची, बाकी सगळं वासावर.

बाबांचं अंडं मात्र घराबाहेर आधीच सुरू झालेलं होतं, हे आम्हाला उशिरा कळलं. संध्याकाळी गाड्यावर मिळणारं रोस ऑम्लेट. ऑम्लेटवर शाकुतीचा गरम रस्सा, वर चिरलेला कांदा, लिंबाची फोड आणि सोबत पाव. रस्सा कोंबडीचा असतो याकडे बाबांनी सोयीस्कर कानाडोळा केला होता. "मी फक्त ऑम्लेट खातो," ते म्हणाले. "पाव कशाला लावून खाता मग?" आईने विचारलं. बाबा वर्तमानपत्रात शिरले.

गोडात अंडं असतं हे मात्र आईच्या स्वप्नातही नव्हतं. नाताळाच्या आधी आंटीकडे बिबिंक करायचा दिवस उजाडला आणि मी भिंतीवर बसून तो अख्खा पाहिला. दोन नारळांचं दाट दूध, अर्धा किलो साखर, दहा अंड्यांचा नुसता बलक, वाटीभर मैदा, किसलेलं जायफळ. अंडं फोडून दोन कवट्यांत बलक इकडून तिकडे झुलवायचा, पांढरं खाली टोपात गळून जायचं, बलक अखंड राहायचा. मग मातीच्या भांड्यात तूप, त्यावर डावभर मिश्रण, आणि विस्तव वर, झाकणावर : नारळाच्या सोडणांचे निखारे. थर वरून तांबूस झाला की चमचाभर तूप, पुढचा थर. सात थरांना दुपार सरली. हे पक्वान्न जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका कॉन्व्हेंटमधल्या बिबियाना नावाच्या जोगिणीने पहिल्यांदा केलं अशी आख्यायिका आहे, आणि कॉन्व्हेंटांत पांढरं कपड्यांच्या खळीला जायचं म्हणून बलक उरायचे, असंही सांगतात. खरंखोटं देव जाणे. २०२३ साली गोव्याच्या बिबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं वाचलं तेव्हा मला त्या निखाऱ्यांची धग आठवली.

आंटीने वडीभर बिबिंक आमच्याकडे पाठवलं आणि सोबत दहा अंड्यांचं पांढरं टोपभर. बिबिंक आम्ही खाल्लं. प्रश्न पांढऱ्याचा होता. अन्न फेकायचं आईच्या स्वभावात नव्हतं. ती टोपाकडे बघत बराच वेळ उभी राहिली, मग आतून डाळीचं पीठ, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर घेऊन व्हरांड्यात आली. आमच्याकडे टोमॅटो ऑम्लेट व्हायचं ते बेसनाचं. किती मराठी घरांत ऑम्लेट म्हणतात त्याला, आणि अंड्याचा त्यात पत्ता नसतो! त्या रात्री आमच्या ऑम्लेटमध्ये पहिल्यांदाच अंडं होतं. काठाला जाळीदार कुरकुरीत, मध्ये हलकं. भावाने चार खाल्ली.

तीन वर्षांनी बदली पुण्याला झाली. स्टोव्ह तिथेच कुणाला तरी देऊन टाकला, पण जर्मनचं पातेलं सामानात आलं. पुणं म्हणजे तर अंड्याच्या प्रचाराची राजधानीच : १९८२ साली स्थापन झालेल्या अंडी समन्वय समितीचं मुख्यालय इथलंच, टीव्हीवर रविवार-सोमवारचं ते यमक रोज कानावर पडायचं. फ्लॅटला व्हरांडा नव्हता. पातेलं गॅसच्या दुसऱ्या शेगडीवर आलं, देव्हारा हॉलमध्ये गेला, आणि हा बदल कुणी मोठ्याने उच्चारला नाही.

तिथे मी कॉलेजात असताना कॅरॅमल पुडिंगचा घाट घातला. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, साखर, तळाशी जाळलेल्या साखरेचा पाक. ओव्हन नव्हता, म्हणून डबा कुकरमध्ये ठेवला आणि चार शिट्ट्या केल्या. झाकण काढलं तर आत स्पंज : जागोजागी भोकं, कडेला पाणी सुटलेलं, आणि घरभर तो वास. हिवस. मी रडकुंडीला आले.

आईने डबा तिरका करून पाहिला. "यात काय घातलंस?" मी सांगितलं. "म्हणजे खरवसच की हा," ती म्हणाली. "खरवसाला कोण शिट्ट्या करतं गं?"

मी बघतच राहिले. चीक असो की अंडं, उष्णता लागली की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून दूध थिजवतात. आच मंद असेल तर मऊसूत धरतात, जास्त झाली तर आवळून पाणी बाहेर पिळतात. आई हे आयुष्यभर करत आली होती, फक्त चिकाशी. दुसऱ्या दिवशी तिने मला उभं करून करवून घेतलं. दूध कोमट, अंडी फेसायची नाहीत, नुसती मोडायची. मिश्रण गाळून घ्यायचं. डब्यावर ताटली, वाफेचं पाणी आत गळू नये म्हणून. कुकरची शिटी काढलेली, गॅस बारीक, अर्धा तास. "मध्यभागी जरा थरथरायला हवं. पूर्ण घट्ट झालं म्हणजे उशीर झाला." वर तिने आपल्या हाताने जायफळ किसलं.

ती आता ब्याऐंशीची आहे. अंडं तिने अजूनही खाल्लेलं नाही आणि मी कधी आग्रहही केला नाही. गेल्या नाताळात मी पुण्यात पहिल्यांदा बिबिंक केलं, ओव्हनची फक्त वरची कॉइल लावून. सात थरांना सव्वादोन तास लागले. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली होती आणि तिसऱ्या थरापासून मला दर पाच मिनिटांनी दार उघडू नकोस म्हणून दटावत होती. पूर्ण गार झाल्यावर उलटं केलं, कापलं. थर वेगळे दिसत होते. मी ताटली तिच्यापुढे धरली. तिने वाकून वास घेतला, डोळे मिटून, सावकाश.

"नाही येत," ती म्हणाली.

मी खूश होऊन वळले तेवढ्यात तिची नजर ओट्यावरच्या जर्मनच्या पातेल्याकडे गेली. दहा अंड्यांचं पांढरं त्यात तसंच होतं.

"ते फेकशील बिकशील," आई म्हणाली. "डाळीचं पीठ आहे ना घरात?"