ट्रम्पेटवाल्याचा वाटा

तेर, जि. धाराशिव

चि. ओंकार,

तुमच्या बँडचं रेकॉर्डिंग ऐकलं. गिटार बरोबर जागी पडतेय. एक-दोन-तीन-चार मोजताना आपण टाळी देतो तिथे न पडता ती दोन टाळ्यांच्या मधल्या फटीत पडते. तार खालून वर छेडायची आणि लगेच बोट सैल करून आवाज तोडायचा. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जमैकात स्का जन्मला तो याच तुटक ठोक्यावर. त्याला पंकचा वेग आणि आरडाओरडा लावला की झालं स्का-पंक. तुझी आई म्हणते तसा हा निव्वळ गोंगाट नाही. निदान पहिली दोन मिनिटं तरी नाही.

आठ जणांचा बँड टिकतो का, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर सुरांपेक्षा हिशेबात जास्त सापडतं. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन घेतले की तीन माणसं वाढली. बिदागी तेवढीच, वाटेकरी तीन जास्त. अमेरिकेतल्या बर्कलीच्या ऑपरेशन आयव्हीने ही कटकटच ठेवली नाही. 1987 साली चौघे जमले, फुंकायचं वाद्य जवळपास नाहीच. ‘एनर्जी’ हा एकुलता एक अल्बम 1989 साली आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात बँड मोडला. पुरती दोनच वर्षं! पण त्यांतल्या टिम आर्मस्ट्राँग आणि मॅट फ्रीमन यांनी 1991 साली रॅन्सिड काढला, आणि 1990 च्या दशकातल्या कितीतरी स्का-पंक पोरांनी ‘एनर्जी’ ऐकूनच गिटार हातात घेतली.

उलट टोक पाहायचं तर बॉस्टनचे मायटी मायटी बॉसटोन्स. त्यांच्याकडे फुंकणारे होतेच, शिवाय बेन कार नावाचा गृहस्थ होता, ज्याचं मुख्य काम स्टेजवर नाचणं! असा वाटेकरी पोसून त्यांनी 1997 साली ‘द इम्प्रेशन दॅट आय गेट’सारखं गाजलेलं गाणं दिलं. मधली काही वर्षं विश्रांती घेत बँड 2022 पर्यंत पोचला. हिशेबाबद्दलचं माझं म्हणणं इथे थोडं लंगडं पडतं, हे कबूल.

पण ही झाली तिकडची गोष्ट. दिल्लीत 2009 साली स्का व्हेंजर्स हा स्का बँड उभा राहिला, तो तुला माहीत आहेच. इंग्रजीत गाणारा बँड आपल्या मुंबईत कसा जगतो आणि कुठे अडतो, हे समजून घ्यायला मात्र रॉक मशीनइतका चांगला धडा नाही. ते स्का वाजवत नसत; सरळ दणदणीत हार्ड रॉक. 1984 साली बँड सुरू झाला. महेश तिनईकर गिटारवर, मार्क सेल्विन बासवर, मार्क मेनेझिस ड्रम्सवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर. उदय बेनेगल गायक म्हणून आणि जयेश गांधी दुसऱ्या गिटारवर स्थिरावले. परदेशी वाद्यांवर तेव्हा जबर आयात शुल्क. कॉलेजातली पोरं देशी गिव्हसन गिटारीवर हात बसवत. तिच्या तारा पट्टीपासून इतक्या उंच असत की दाबून दाबून बोटांची सालं निघत.

कार्यक्रम म्हणजे कॉलेजांचे महोत्सव, नाहीतर धोबीतलावचं रंगभवन. 1986 साली सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉकची गर्दी तिथेच जमायची. त्या गर्दीला हवी असत डीप पर्पलसारख्या परदेशी बँडची गाणी. लोकांना पाठ असलेली गाणी हुबेहूब वाजवली की बँड चांगला, असा सगळा मामला. रॉक मशीनने त्याच लोकांसमोर स्वतःची गाणी ठेवायला सुरुवात केली, आणि माझ्या लेखी त्यांची खरी कारकीर्द तिथे सुरू होते. 1988 साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि 1990 साली ‘द सेकंड कमिंग’ हे अल्बम आले.

1993 साली त्यांनी चाललेलं नाव टाकून इंडस क्रीड हे नाव घेतलं. दुकानाची जुनी पाटी उतरवायला धाडस लागतं. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियातला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. 1995 साली नव्या नावाचा अल्बम आला.

पुढच्या खेपेला आलास की आपल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात तुला दाखवायच्यात त्या केओलिनच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या, मूर्ती इथे आठवतात. दोन साच्यांत माती दाबून मूर्ती काढायची रीत रोमन व्यापाराबरोबर आली असं अभ्यासक मानतात, पण चेहरा, केसांची ठेवण, कानातले दागिने सगळे इकडचे. रोमन नाण्यांच्या नकला करून, भोक पाडून गळ्यात घालायच्या मातीच्या चकत्याही तेरला सापडल्यात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावात हुबेहूब नक्कल करणारेही होते आणि साचा उसना घेऊन आपलं माणूस घडवणारेही. रॉक मशीनने एकाच कारकिर्दीत दोन्ही केलं.

मग बँड का मोडला? संगीत वाहिन्यांना हिंदीत मोठा प्रेक्षक सापडला आणि इंग्रजी गाण्याची जागा आकसत गेली. 1997 साली बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी अल्म्स फॉर शांती काढला. 2010 साली इंडस क्रीड पुन्हा जमला आणि 2012 साली ‘इव्हॉल्व्ह’ आला. तोवर रंगभवनातला रॉक शांतता क्षेत्राच्या नियमांनी बंद पाडला होता.

आता तुझ्या ट्रम्पेटचं. पुण्यात शिकलेला वाजवणारा महाग पडतो म्हणालास. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडात ‘सैराट’ची गाणी एकदा ऐकून वाजवणारे आहेत; नोटेशन येत नाही, पण कान पक्का. मी एकाला तुमचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्याने दुसऱ्याच खेपेला तोंडाने धून म्हणून दाखवली, आणि तुमचा ट्रॉम्बोन अर्ध्या सुराने उतरलाय हेही सांगितलं. यायला तयार आहे. जाण्यायेण्याचं भाडं आणि इतरांइतकाच वाटा, एवढंच म्हणतो. तालमीची तारीख ठरवताना पंचांग बघ. वैशाखात तिथी दाट आहेत, सुपाऱ्या आधीच घेतल्यात, तेव्हा तो मिळायचा नाही.

तुझा,
मामा