निळ्याला साक्षीदार

पातागोनियात आलेल्या प्रत्येकाला लख्ख ऊन हवं असतं. मी ढगांची वाट बघत होते. अर्जेंटिनाच्या दक्षिणेला, एल कालाफाते गावापासून साधारण ८० किलोमीटरवर पेरितो मोरेनो ही हिमनदी लागो आर्खेंतिनो सरोवरापाशी येऊन थांबते. थांबते म्हणजे बर्फाची भिंतच उभी राहते, सुमारे ५ किलोमीटर रुंद आणि पाण्यापासून साधारण ६० मीटर उंच. समोरच्या उतारावर पायवाटा बांधल्यात, तिथून ती नजरेच्या एका फेरीत मावत नाही. सकाळच्या उन्हात ती पांढरीफेक होती. देखणी होती, पण ज्या रंगासाठी मी इतक्या दूर आले होते, तो भेगांत खोल दडून बसला होता.

उन्हाने बर्फाचा वरचा थर विरघळून दाणेदार होतो, त्यात हवा शिरते आणि प्रकाश तिथूनच उधळला जातो. दुपारी पश्चिमेकडून ढग आले, आभाळ करडं झालं, भिंतीवरची चकाकी ओसरली आणि चिरेचिरेतून निळा वर यायला लागला. आभाळात निळ्याचा ठिपका नाही आणि समोर एवढा निळा! हा रंग आभाळाचं प्रतिबिंब असतो असं म्हणणाऱ्याला त्या क्षणी हाताला धरून तिथे आणावंसं वाटलं.

तो बर्फाचा स्वतःचा रंग आहे. पाण्याचा रेणू लाल प्रकाश थोडा शोषतो, निळा जवळजवळ सोडून देतो. सरबतातल्या बर्फाच्या खड्यात हे कळत नाही, कारण प्रकाशाला त्यातून जेमतेम दोन बोटं जायचं असतं. ताज्या हिमातून तर तो आत शिरताशिरताच परत फिरतो. हिमनदीत मात्र वर्षानुवर्षं हिमावर हिम साचतं, दाबाखाली हवा निघून जाते, उरलेले बुडबुडे आक्रसतात आणि प्रकाश मीटर-मीटरभर आत फिरून येतो. तेवढ्या वाटेत लाल संपतो.

भिंतीचा ओला भाग टिपताना लेन्सवर पोलरायझर चढवला, की मला चंद्रशेखर व्यंकट रामन आठवतात. समुद्राचा निळा म्हणजे आभाळाचं प्रतिबिंब, असं लॉर्ड रॅले यांच्यासारख्या शास्त्रज्ञाचं मत होतं. १९२१मध्ये इंग्लंडहून बोटीने परतताना रामन यांनी निकोल लोलकातून समुद्र पाहिला. हा लोलकही एक पोलरायझरच, तो एका कोनात धरला की पाण्यावरचं प्रतिबिंब कापलं जातं. ते कापल्यावर निळा नाहीसा व्हायला हवा होता, तो आणखी गडद झाला. ‘नारकुंडा’ बोट मुंबई बंदरात होती, तेव्हाच त्यांनी यावर ‘नेचर’साठी पत्र लिहिलं. समुद्राच्या बाबतीत त्यांचा भर रेणूंकडून होणाऱ्या विकिरणावर होता, बर्फात मुख्य काम शोषणाचं असतं. पण तपासायची रीत तीच. पोलरायझर फिरवत गेले, ओल्या बर्फावरची चमक विझली आणि आतला रंग तसाच, किंबहुना जास्त दाट, समोर आला.

कॅमेऱ्याचा मात्र या रंगावर विश्वास नसतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर असला की चौकटभर पसरलेला निळा त्याला प्रकाशातला दोष वाटतो आणि तो पिवळा मिसळून टाकतो. म्हणून मी तो ५५०० केल्विनच्या आसपास पक्का करते आणि रॉमध्ये टिपते. एक्स्पोजरचा पेच याहून नाजूक. बर्फ पाहून कॅमेरा चौकट अंधारी करतो, आपण ती उजळवतो, आणि निळा चॅनेल बाकीच्या दोघांच्या आधी भरून सांडतो. मग गडद निळ्याच्या जागी फिकट आकाशी उरतो. एकत्रित हिस्टोग्राममध्ये हे लपून राहू शकतं. तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहावेच लागतात. जोडीला सरोवराचं पाणी असतं, खडकाच्या पिठासारख्या गाळाने दुधाळ झालेलं, हिरवट. तो निळा वेगळा आणि भिंतीचा वेगळा. दोन्ही एका चौकटीत खरे राहतील अशी जागा शोधण्यात माझा बराच वेळ गेला, आणि तो मला अजिबात जड वाटला नाही.

नंतर बुटांना क्रॅम्पॉनचे काटे बांधून वाटाड्या मुलीमागून हिमनदीवर चढलो. वितळलेलं पाणी जिथून खोल उतरतं तशा एका विवरापाशी तिने सगळ्यांना थांबवलं. आत जो निळा होता त्याला मी आजवर पाहिलेल्या कशाचीच उपमा देणार नाही. तिथे टिपलेल्या पहिल्या चौकटींमध्ये फक्त निळाच होता. पडद्यावर त्या बघितल्या आणि मलाच त्या खोट्या वाटल्या. शेजारी डोंगरकड्यावरून आलेली रेव पडली होती, हिमोढाची करडी, मळकट खडी. मी थोडी बाजूला सरकले, ती खडी कोपऱ्यात घेतली आणि विवर एकदम खोल, थंड आणि खरं झालं. निळ्याला साक्षीदार लागतो. आपण त्याच्या शेजारी फक्त पांढरा ठेवतो, आणि पांढराही निळसरच झालेला असतो. दगड तसा फसत नाही.

घरी आत्याने दोन्ही छपाया पाहिल्या. पहिलीवर म्हणाली, “अगं, रंग वाढवलास ना?” खडीवालीवर काही बोलली नाही, चष्मा पुसून पुन्हा पाहू लागली.

मोठी छपाई करताना लॅबमधल्या मुलाने आपुलकीने विचारलं, “ताई, निळा अजून थोडा उचलू?” इथेच अशा चित्रांचं सर्वाधिक नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे. एवढा दाट निळा अनेक कागदांना पेलवत नाही. उचलला की त्यातल्या छटा एकमेकींत मिसळतात, चिरा बुजतात, बुडबुड्यांचे पट्टे जातात. मी त्याला म्हटलं, “निळ्याला हात लावू नका. हा कोपऱ्यातला दगड आधी करडा करा.” त्याने तीन पट्ट्या काढून पाहिल्या. पहिल्या दोन्हींत दगड जांभळट होता. तिसरीत तो दगडासारखा झाला, आणि मी पूर्ण आकाराची छपाई करायला सांगितलं.