आजीची फुलबाग

गणित हा माझा पदवीचा विषय. त्यामुळे मी घरी सुईदोरा घेऊन बसतो हे कळल्यावर वर्गमित्रांनी थट्टेची हौस पुरती भागवून घेतली. 'शिंपीदादा' ही पदवी मला विद्यापीठाच्या पदवीआधीच मिळाली! पण ज्या शिवणकामाच्या मी नादी लागलो आहे, त्याचा पाया भूमितीचाच आहे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

या प्रकारात कापड आधी कागदावर चढवतात. जाड कागदाचे अगदी एकसारखे षट्कोन कापायचे. त्याहून सगळीकडून पाव इंच मोठा कापडाचा तुकडा घ्यायचा, त्याच्या कडा कागदावर दुमडायच्या आणि कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायच्या. असे दोन तुकडे सुलट बाजू आत घेऊन एकमेकांवर ठेवायचे आणि त्यांची एक बाजू बारीक टाक्यांनी जोडायची. सुईने दुमडलेल्या कापडाचे दोन-तीन धागेच उचलायचे, कागद टोचायचा नाही. कापड ओढले की वाकडे होते, कागद होत नाही. म्हणून जोड अचूक बसतो. शेवटी कच्चे टाके उसवून कागद काढून घ्यायचा.

षट्कोनच का? सम बहुभुजांपैकी एकाच जातीच्या आकाराने फट न ठेवता जमीन भरायची, तर त्रिकोण, चौरस आणि षट्कोन हे तीनच आकार चालतात. षट्कोनाचा कोन १२० अंशांचा. तीन कोन एकत्र आले की ३६० पुरे! म्हणजे एका बिंदूवर तीनच तुकडे जुळवावे लागतात. त्रिकोण घेतले तर सहा.

इंग्लंडमध्ये ही रीत जुनी आहे. तिथे १७१८ साल विणलेले नव्हे, तर तुकड्यांतच शिवून काढलेले एक रेशमी पांघरूण जपून ठेवले आहे आणि त्याच्या पोटात कागद अजून तसेच आहेत. पूर्वी घरोघरी पत्रे, हिशेबाचे कागद, मुलांच्या वह्या यांचेच साचे कापत. त्यामुळे अर्धवट राहिलेल्या पांघरुणाची उलटी बाजू वाचून अभ्यासक त्याचा काळ ठरवतात. मधोमध एक षट्कोन, भोवती सहा, त्याभोवती बारा, अशी मांडणी १९३० च्या सुमारास अमेरिकेत फार लोकप्रिय झाली. तिला तिकडे 'आजीची फुलबाग' म्हणतात. ग्रंथालयातल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात हे नाव वाचले आणि मला आमची आजी आठवली.

आमच्या घरातल्या प्रत्येक नातवंडाला आजीच्या हातची वाकळ मिळाली आहे. शेजारच्या अक्का तिलाच 'कौदी' म्हणतात. आजी मराठीत बोलते, अक्का कानडीत उत्तर देतात आणि दोघींचे चाळीस वर्षे कुठे अडलेले नाही. पण मधुमेहाने आजीच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले. समोरचा माणूस तिला आकारावरून कळतो, सुईचे टोक दिसत नाही. तिने सुयांची डबी आईच्या हाती दिली आणि दिवसभर हात मांडीवर ठेवून बसू लागली. ते रिकामे हात पाहणे आम्हा सगळ्यांना जड जाई. पण कोणी काही बोलत नसे.

ताईच्या बाळासाठी एक वार लांब, एक वार रुंद दुपटे करायचे मी ठरवले. एक इंच बाजूचा षट्कोन घेतला, तर असे सुमारे ५०० तुकडे लागतात. कापड म्हणजे आजीची जुनी, मऊ झालेली सुती लुगडी. कागद म्हणजे घरात साठलेल्या लग्नपत्रिका, काही मराठी, काही कानडी. वर्तमानपत्राचा कागद लेचापेचा, वहीचा पातळ. पत्रिकेचा कसा ताठ! पत्रिकेवरचा गणपती मात्र आजीने कापू दिला नाही. ते तुकडे वेगळे काढून तिने देव्हाऱ्याखाली ठेवायला लावले.

त्याच वेळी एक षट्कोन तिच्या हाती होता. ती त्याच्या कडांवरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "कापड दे बघू." तिने तुकडा कागदावर ठेवला, नखाने एक कड दुमडली, मग दुसरी. सहावी घडी झाल्यावर म्हणाली, "सुई ओवून दे." कच्चे टाके थोडे लांबमोठे पडले, पण कागदाच्या कडेशी घडी चपखल बसली होती. जे काम डोळ्यांनी करायचे, ते कागदाने तिच्या बोटांच्या हवाली केले होते.

तेव्हापासून मी कॉलेजला निघण्यापूर्वी दहा सुयांत दोरा ओवून त्या उशीला टोचून ठेवतो. संध्याकाळी दहा तुकडे तयार असतात. जोडण्याचे काम मी आणि अक्का करतो. एकदा अक्कांनी आजीचे तुकडे एकावर एक ठेवून पाहिले. एकही कड बाहेर आलेली नव्हती. "छलो आगेद," असे म्हणून त्यांनी ते परत आजीच्या हातात दिले.

आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी स्त्रिया 'कवंदी' शिवतात. त्यांना साचा लागत नाही. त्या कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्याकडे येतात. आमचे काम उलटे, मध्यापासून कडेकडे. एके दिवशी मी कागदावर पुढच्या फेऱ्यांचा हिशेब मांडत होतो, तर आजी म्हणाली, "त्यात काय मांडायचंय? दर फेरीला सहा वाढतात." १, ७, १९, ३७ अशी ही संख्यामाला. तिची क्रमाने बेरीज करत गेले की १, ८, २७, ६४ असे घन मिळतात. हे मी आजीला सांगितले. "असतील," म्हणाली आणि पुढची सुई मागितली.

कागद कधी काढायचा याचा एक नियम आहे. तुकड्याला सहाही बाजूंनी शेजारी मिळाल्याशिवाय त्यातला कागद काढायचा नाही. आधी काढला तर कड ढिली पडते. आज आमचे १२७ तुकडे जोडून झाले आहेत. आतल्या ९१ तुकड्यांचे कागद निघाले. तेच आता पुढच्या तुकड्यांना वापरतो आहोत. पुढच्या फेरीला ४२ लागतील. अस्तर लावल्यावरचा धावदोरा आपणच घालणार, जोड बोटांना लागतात, असे आजीने बजावून ठेवले आहे. बाहेरच्या ३६ तुकड्यांत मात्र लग्नपत्रिका अजून आहेत. दुपटे उलटे केले की कुठे 'आग्रहाचे निमंत्रण' दिसते, कुठे कानडीतला मुहूर्त. नवी फेरी आली की तेही निघतील.