संगणकाचा ताप

घरात कुणाला ताप आला की वडीलधारी माणसे कपाळावर हात ठेवून पाहतात. डॉक्टर मात्र केवळ हाताच्या अंदाजावर औषध देत नाहीत. ते तापमापक लावतात, आकडा पाहतात आणि मग उपाय सांगतात. संगणकालाही ताप येतो. त्याचा तापमापक तर त्याच्या पोटातच बसवलेला असतो. तो वाचता मात्र आला पाहिजे.

नांदेडचा उन्हाळा कडक. मे महिन्यात पारा ४२-४३ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशाच एका मे महिन्यात आमचा संगणक काम करता करता अचानक बंद पडू लागला. मुलीला कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. दोन पाने भरून होतात न होतात तोच पडदा काळा! दुरुस्ती करणाऱ्याने वरवर पाहिले आणि सांगितले, "मदरबोर्ड गेला आहे. नवा घ्यावा लागेल." आमच्यासारख्या घराला तो खर्च जड होता.

लातूरला माझा भाचा राहतो. त्याला फोन केला, तेव्हा तो म्हणाला, "मामू, आधी ताप तर मोजा. औषधाचे मग बघू."

आमच्या संगणकावर लिनक्स आहे. त्यासाठी 'एलएम-सेन्सर्स' नावाची आज्ञावली फुकट मिळते. संगणकात कुठे कुठे सेन्सर आहेत, याचा ती शोध घेते आणि त्यांचे आकडे पडद्यावर दाखवते. हे सेन्सर काम कसे करतात? प्रोसेसरच्या आत एक अतिसूक्ष्म डायोड असतो. त्यातून ठरावीक वीजप्रवाह सोडतात. तापमान एक अंशाने वाढले, की डायोडच्या दोन टोकांमधला विद्युतदाब सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. या फरकावरून तापमान कळते.

पडद्यावर तीन आकडे आले. मदरबोर्ड ४४, प्रोसेसर ५८ आणि तिसरा चक्क १२७! मी घाबरलो. भाच्याने धीर दिला. सेन्सर जोडलेलाच नसेल, तरी त्या जागी असा आकडा दिसू शकतो, असे तो म्हणाला. खरेखोटे पाहण्याची युक्तीही त्यानेच सांगितली. रात्रभर बंद असलेला संगणक मी पहाटे सुरू केला. भिंतीवरचा तापमापक ३१ अंश दाखवत होता. मदरबोर्ड ३२ वर होता, प्रोसेसर ३८ वर. तिसरा आकडा मात्र १२७ वरच अडून बसला होता. रात्रभर थंड राहिलेल्या यंत्रात १२७ अंश कुठून येणार? तो आकडा आम्ही सोडून दिला.

दुपारी खोलीत ४१ अंश होते. काम सुरू करताच प्रोसेसर ७० वर गेला, मग ८५ वर, मग ९७ वर. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ पोहोचला, की स्वतःच आपला वेग कमी करतो. तरीही ताप वाढतच गेला, तर तो जळू नये म्हणून संगणक बंद होतो. म्हणजे यंत्र बिघडले नव्हते. ते स्वतःचा जीव वाचवत होते.

वीज पूर्ण बंद करून मी संगणक उघडला. पंख्याखालच्या धातूच्या पात्यांमध्ये धुळीचा जाड थर बसला होता. तो मऊ ब्रशने काढला. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकून गेली होती. ती पुसून नवी लावली. दुसऱ्या दिवशी तितक्याच गरम खोलीत, तेच काम करताना आकडा ७८ च्या वर गेला नाही. मुलीचा अर्ज एका बैठकीत भरून झाला.

भाच्याकडेही अगदी असाच संगणक आहे. एकदा आम्ही दोघांनी एकाच दुपारी आकडे लिहून घेतले. त्याचा प्रोसेसर माझ्यापेक्षा ४ अंशांनी थंड निघाला. लातूर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. गोदावरीकाठचे नांदेड ४०० मीटरहूनही कमी उंचीवर आहे. त्या दुपारी त्याची खोलीच माझ्या खोलीपेक्षा तेवढी थंड होती. पंखा फक्त हवा फिरवतो. खोलीतल्या हवेपेक्षा यंत्र थंड करणे त्याला शक्य नसते. हे समजल्यावर मी संगणक पश्चिमेच्या खिडकीजवळून हलवून आतल्या खोलीत ठेवला.

आकडा हाती नसला, की भीती आपल्याला महागडा निर्णय घ्यायला लावते. आणि आकडा हाती आला तरी तो खरा आहे का, हे एकदा तपासावे लागते. त्या उन्हाळ्यात एका ब्रशने आणि चिमूटभर पेस्टने आमचे काम भागले. मदरबोर्ड आजही तोच आहे.