हरवलेला बाण

गेल्या उन्हाळ्यात सातपुड्यातील एका वृद्ध भिल्लाचे धनुष्य आम्ही प्रथमच हाती घेतले. दांडा बांबूचा आणि दोरीही बांबूच्याच चिवट कामटीची! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी असल्यामुळे आम्ही मातीच्या ढिगाऱ्यावर नेम धरला. बाण झुडपांत नाहीसा झाला. “बाबा, दुसरा द्या,” असे आम्ही सहज म्हणालो.

“तो सरळ करता करता माझी सकाळ गेली, पोरांनो,” एवढेच ते बोलले.

आम्ही खजील होऊन शोधू लागलो. पाचोळा चाळताना मोहाचा गंध, तित्तिराची साद, मुंग्यांची लगबग हे सारे प्रथमच ध्यानी आले. सूर्यास्ताच्या सुमारास बाण सापडला. तो परत देताना आमचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले.